डेटाबेसचा ड्रायव्हर लिहायचा कुणी? कंपनीने की हौशी प्रोग्रॅमरने?

२०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पायथन भाषेसाठी एक नवा ड्रायव्हर आणला. नाव एमएसएसक्यूएल-पायथन. पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसशी जोडून देणं हे त्याचं काम. टीव्हीवर याची बातमी झाली नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरही कुणी फॉरवर्ड केली नाही. पण डेटाच्या कामात असलेल्या अनेकांच्या मनात एकच प्रश्न आला असेल: हे आत्ता? इतकी वर्षं कंपनी काय करत होती?

प्रश्न रास्त आहे. एसक्यूएल सर्व्हर तीस वर्षांहून जुना. पायथन त्याच्या आसपासचीच. दोघांची गाठ पडायची ती इतरांनी लिहिलेल्या, अनेकदा एखाद-दुसऱ्या माणसाने मोकळ्या वेळात सांभाळलेल्या कोडमधून. जगातली एवढी मोठी सॉफ्टवेअर कंपनी, तिचा हजारो कंपन्यांत पैसे मोजून विकत घेतलेला डेटाबेस, आणि त्याला पायथनमधून जायचा रस्ता मात्र स्वयंसेवकांनी श्रमदानाने बांधलेला.

हा प्रकार फक्त मायक्रोसॉफ्टचा नाही. ओरॅकल, मायएसक्यूएल, मोंगोडीबी, रेडिस, सगळीकडे हीच गोष्ट वेगवेगळ्या वळणांनी घडली आहे. तुमच्या बँकेचं अ‍ॅप, हॉस्पिटलचं बिलिंग, कॉलेजचं निकालाचं पोर्टल, सगळ्यांच्या पोटात असा एखादा ड्रायव्हर असतो. तो नीट चालतो तोवर कुणाला त्याचं नावही माहीत नसतं.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते बघू

प्रिंटर घेतला की त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो, हे आपल्याला माहीत आहे. डेटाबेसचंही तसंच. डेटाबेस हा बहुतेक वेळा वेगळ्या संगणकावर चालणारा वेगळा प्रोग्रॅम असतो. त्याच्याशी नेटवर्कवरून बोलावं लागतं, आणि प्रत्येक डेटाबेसची बोलायची पद्धत निराळी. एसक्यूएल सर्व्हरच्या पद्धतीला म्हणतात टीडीएस. टीडीएस म्हटलं की आपल्याला पगारातून कापलेला कर आठवतो, पण इथला टीडीएस म्हणजे टॅब्युलर डेटा स्ट्रीम. सुरुवातीला कोणते बाइट्स पाठवायचे, पासवर्ड कसा द्यायचा, तारीख कशी लिहायची, दहा लाख ओळींचं उत्तर आलं तर ते किती-किती तुकड्यांत घ्यायचं, हे सगळं त्यात ठरलेलं असतं.

तुमचा प्रोग्रॅम या भानगडीत पडत नाही. तो फक्त म्हणतो, ‘या ग्राहकाची थकबाकी आण.’ ड्रायव्हर ते वाक्य डेटाबेसच्या बोलीत नेतो आणि उत्तर पुन्हा पायथनच्या बोलीत आणून देतो. म्हणजे दुभाषाच. आणि दुभाषाने एक शब्द चुकवला तर काय होतं, हे वेगळं सांगायला नको. पैशांच्या रकमेतला दशांश चिन्हानंतरचा आकडा, मराठी नावातली वेलांटी, रात्री बारा वाजताची तारीख, या ठिकाणी दुभाषाची परीक्षा होते.

आता भाषांचा स्वभाव. जावा भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने आणली आणि १९९७ मध्येच जेडीबीसी नावाचा ठरलेला सांधा दिला. डेटाबेस विकायचा असेल तर जावाचा ड्रायव्हर सोबत द्यायचा, ही पद्धत तिथे लवकर रुजली. मोठमोठे ग्राहक जावा वापरत होते, त्यांचा शब्द कंपन्यांना मोडवत नव्हता. पायथन, पीएचपी, पर्ल या भाषांमागे तसा मालक नव्हता. पायथनच्या लोकांनी १९९९ मध्ये ‘पेप २४९’ नावाचा दस्तऐवज करून ड्रायव्हर कसा दिसावा हे ठरवलं. कनेक्शन कसं उघडायचं, प्रश्न कसा पाठवायचा, उत्तर कसं उचलायचं, एवढं त्यात आलं. पण तो ड्रायव्हर लिहिणार कोण, पगार कोण देणार, हे कुठल्याच दस्तऐवजात नसतं. ज्याला गरज पडली त्याने लिहिला.

‘फाइल सापडत नाही’

पायथनमधून एसक्यूएल सर्व्हरला जायला आजवर सर्वांत जास्त वापरला गेला तो पायओडीबीसी. मायकेल क्लीहॅमर यांनी तो लिहिला. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कागदपत्रांतही वर्षानुवर्षं त्याचीच शिफारस होती, तिच्या अभियंत्यांनी त्यात हातभारही लावला. दुसरा पर्याय पायएमएसएसक्यूएल. त्याची कथा बोलकी आहे: २०१९ च्या शेवटी सांभाळणाऱ्यांनी प्रकल्प बंद करत असल्याचं सांगितलं, लोकांना पायओडीबीसीकडे जायला सुचवलं, आणि नंतर दुसऱ्या माणसांनी तो पुन्हा सुरू केला. मधल्या काळात ज्यांची कामं त्यावर चालू होती त्यांनी काय करायचं? वाट बघायची, किंवा कोड बदलायचा.

पायओडीबीसीचा त्रास वेगळा होता. तो स्वतः एसक्यूएल सर्व्हरशी बोलत नाही. तो ओडीबीसी या १९९२ पासूनच्या जुन्या सांध्याशी बोलतो. लिनक्सवर त्यासाठी आधी युनिक्सओडीबीसी हा मॅनेजर लागतो, मग मायक्रोसॉफ्टचा ओडीबीसी ड्रायव्हर लागतो, तो मिळवायला मायक्रोसॉफ्टची पॅकेज-यादी सिस्टिममध्ये जोडावी लागते, परवान्याला होकार द्यावा लागतो, आणि शेवटी पायओडीबीसी. म्हणजे दुभाषाला दुभाषा. यातली एक कडी निसटली की पडद्यावर येतं: ‘कान्ट ओपन लिब, ओडीबीसी ड्रायव्हर १७ फॉर एसक्यूएल सर्व्हर, फाइल नॉट फाउंड.’ हिंजवडीत, ऐरोलीत किंवा कुठेही डेटाच्या कामावर असाल तर ही ओळ तुम्हाला पाठ असेल. आपल्या लॅपटॉपवर झकास चालणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर टाकला की हमखास इथे अडकतो.

त्यात २०२२ मध्ये एक भर पडली. मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी ड्रायव्हरची १८ वी आवृत्ती काढली आणि तिच्यात कनेक्शन एनक्रिप्ट करणं हा आपोआप होणारा भाग केला. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय चांगलाच. पण ऑफिसच्या आतल्या अनेक सर्व्हरवर स्वतःच बनवलेलं प्रमाणपत्र असतं. नवा ड्रायव्हर ते ओळखेना, कनेक्शन तोडू लागला. कोडमधलं एक अक्षरही न बदलता काल चालणारी गोष्ट आज चालेना. बऱ्याच जणांनी काय केलं? इंटरनेटवर शोधून ‘सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेव’ असा शब्द जोडणीच्या ओळीत चिकटवला आणि पुढे गेले. सुरक्षा वाढवायला केलेला बदल, आणि शेवटी तपासणीच बंद.

नव्या एमएसएसक्यूएल-पायथनने ही साखळी लहान केली आहे. एक पिप इन्स्टॉल, आणि बाकीचं सामान त्या पॅकेजच्या आतच. वेगळा मॅनेजर नको. नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींचा निम्मा दिवस वाचेल, हे नक्की.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे, ती घोषणांमध्ये ठळकपणे दिसत नाही. पायथनचा वरचा भाग एमआयटी परवान्याखाली खुला आहे, कुणीही वाचावा, बदलावा. आत बसवलेले ओडीबीसीचे तयार भाग मात्र मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या परवान्याखाली आहेत. म्हणजे घराचं दार उघडं, तिजोरीची खोली बंद. हे बेकायदेशीर नाही, फसवणूकही नाही. फक्त ‘ओपन सोर्स भाषेचा अधिकृत ड्रायव्हर’ या शब्दांत ‘ओपन सोर्स’ हे विशेषण भाषेला लागू आहे, ड्रायव्हरच्या प्रत्येक भागाला नाही, एवढं लक्षात ठेवावं.

ओरॅकलने काय केलं? माणूसच घेतला

ओरॅकलची गोष्ट यापेक्षा सरळ आहे आणि माझ्या मते या सगळ्यात सर्वांत शहाणपणाची.

पायथनमधून ओरॅकलला जाणारा ड्रायव्हर म्हणजे सीएक्स_ओरॅकल. यातला ‘सीएक्स’ म्हणजे कॉम्प्युट्रॉनिक्स, कॅनडातली एक कंपनी. तिथे काम करणारे अँथनी तुइनिंगा यांनी तो लिहिला आणि खुला केला. ओरॅकलचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरी जगभरात पायथनचे लोक ओरॅकलला जायचे ते याच वाटेने. पुढे तुइनिंगा ओरॅकलमध्येच रुजू झाले, आणि २०१७ च्या सुमारास ड्रायव्हरचं घरही ओरॅकलच्या गिटहब खात्यावर आलं. कंपनीने समांतर दुसरा ड्रायव्हर काढून जुन्याशी स्पर्धा लावली नाही. ज्याला ते काम सर्वांत जास्त कळत होतं त्याला पगार दिला.

त्याचा परिणाम पाच वर्षांनी दिसला. २०२२ मध्ये त्याच ड्रायव्हरचा पुढचा अवतार आला, पायथन-ओरॅकलडीबी या नावाने. त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘थिन मोड’. आधी काय व्हायचं, तर सीएक्स_ओरॅकल चालवायला ओरॅकलच्या क्लायंट लायब्ररी वेगळ्या उतरवून घ्याव्या लागत. त्या योग्य जागी नसल्या की ‘डीपीआय-१०४७’ हा कुप्रसिद्ध संदेश यायचा. थिन मोडमध्ये ड्रायव्हर स्वतःच ओरॅकलच्या बोलीत थेट बोलतो, लायब्ररीची गरजच उरत नाही. ओरॅकलची ती बोली बाहेरच्या माणसाला इतक्या खात्रीने लिहिता आली असती का? अवघडच. आतली माहिती हाताशी असणं, हा कंपनीच्या ड्रायव्हरचा सर्वांत मोठा फायदा. कुणी कबूल करो न करो.

मर्यादाही आहेत. थिन मोड ओरॅकल १२.१ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांशीच बोलतो. ११ आवृत्तीवर अडकलेलं जुनं बिऱ्हाड असेल, किंवा डेटाबेसवर ओरॅकलची जुनी ‘नेटिव्ह नेटवर्क एनक्रिप्शन’ सक्तीची केलेली असेल, तर पुन्हा ‘थिक मोड’ आणि पुन्हा त्या लायब्ररी. जुन्या सरकारी आणि बँकिंग सिस्टिम अशाच असतात, त्यामुळे डीपीआय-१०४७ इतक्यात इतिहासजमा होत नाही.

डेटाबेसने कुलूप बदललं, किल्ली आली दोन वर्षांनी

सगळ्यात जास्त लोकांना बसलेला फटका मात्र मायएसक्यूएलचा. वर्डप्रेसवर चालणारी प्रत्येक ब्लॉगसाइट, लाखो छोट्या दुकानांच्या वेबसाइट, कितीतरी कॉलेजांची पोर्टल पीएचपी आणि मायएसक्यूएल किंवा तिचीच बहीण मारियाडीबी या जोडीवर चालतात. ही जोडी इतकी घट्ट की लोक दोघांना एकच समजतात.

पण त्यांचा संसार सुखाचा नव्हता. मायएसक्यूएलच्या क्लायंट लायब्ररी आधी एलजीपीएल या सैल परवान्याखाली होत्या. आवृत्ती ४ पासून कंपनीने त्या जीपीएलखाली आणल्या. पीएचपीचा स्वतःचा परवाना जीपीएलशी जुळत नव्हता. वर्षानुवर्षं पीएचपीसोबत मायएसक्यूएलची लायब्ररी फुकट मिळायची, ती २००४ च्या पीएचपी ५ मध्ये सोबत आलीच नाही. कंपनीलाही कळलं की आपण ज्या फांदीवर बसलो आहोत तीच कापतो आहोत. त्याच वर्षी तिने ओपन सोर्स प्रकल्पांसाठी परवान्यात सूट दिली, आणि पुढे तिच्याच अभियंत्यांनी पीएचपीसाठी एक नवा ड्रायव्हर लिहिला: मायएसक्यूएलएनडी. तो पीएचपीच्या परवान्याखाली, पीएचपीच्या पोटातच राहणारा. २००९ मध्ये पीएचपी ५.३ सोबत तो आला आणि ५.४ पासून न सांगता तोच वापरला जाऊ लागला.

इथवर सगळं आलबेल. मधल्या काळात मायएसक्यूएल आधी सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. मग एप्रिल २०१८ मध्ये मायएसक्यूएल ८.० आली. तिने पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धत बदलली. जुनी पद्धत एसएचए-१ वर उभी होती, तीही मीठ न टाकता. हे ‘मीठ’ म्हणजे पासवर्डचा ठसा साठवण्याआधी त्यात मिसळलेला यादृच्छिक मजकूर. तो नसेल तर दोन जणांचा पासवर्ड सारखा असल्यास साठवलेला ठसाही सारखाच दिसतो, आणि चोराचं काम सोपं होतं. नवी पद्धत एसएचए-२ ची, मीठ घातलेली. बदल हवाच होता.

फक्त पीएचपीच्या ड्रायव्हरला ही नवी पद्धत येत नव्हती. पीएचपीच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेनुसार तिचा आधार आला तो ७.४.४ या आवृत्तीत, म्हणजे मार्च २०२० मध्ये. जवळजवळ दोन वर्षं जगातला सर्वांत लोकप्रिय वेब-डेटाबेस आणि त्याची सर्वांत लोकप्रिय भाषा यांची नव्या पद्धतीने ओळखच पटत नव्हती. सर्व्हर म्हणायचा एक, क्लायंटला कळायचं नाही, आणि साइट उघडायला गेलं की ‘सर्व्हरने मागितलेली ओळखपद्धत क्लायंटला माहीत नाही’ अशा अर्थाचा संदेश.

यावर लोकांनी शोधलेला उपाय एका ओळीचा होता: डेटाबेसला सांगायचं की या युजरसाठी जुनीच पद्धत ठेव. इंटरनेटवर जिथे तिथे तीच ओळ, लोकांनी ती डोळे झाकून चिकटवली. त्या वेळी दुसरं करणार तरी काय होते? पण असा तात्पुरता टेकू कुणी नंतर काढत नाही. एप्रिल २०२४ च्या ८.४ आवृत्तीत ओरॅकलने जुनी पद्धत मुळातच बंद ठेवली आणि त्याच वर्षी जुलैच्या ९.० मध्ये सर्व्हरमधून काढूनच टाकली. सहा वर्षांपूर्वी चिकटवलेली ती ओळ कुठे कुठे आहे, हे आता अपग्रेड करताना कळतं. बहुधा रात्री, बहुधा ती ओळ लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावर.

जावास्क्रिप्टच्या नोडजेएसमध्ये याहून वाईट. तिथे ‘मायएसक्यूएल’ याच नावाचं एक पॅकेज आहे. नावावरून कुणालाही वाटेल की हे अधिकृतच असणार. ते तसं नाही. स्वयंसेवकांचा प्रकल्प, शेवटची आवृत्ती जानेवारी २०२० ची, नवी पासवर्ड पद्धत त्यात कधी आलीच नाही. तरी जुन्या ट्यूटोरियलमुळे शिकणारी मुलं आजही तेच उतरवतात आणि पहिल्याच पायरीवर ठेचकाळतात. सध्या चालतं ते ‘मायएसक्यूएल२’, तेही कंपनीचं नाही. ओरॅकलचा नोडजेएससाठी स्वतःचा कनेक्टर आहे, पण तो मायएसक्यूएलच्या नव्या एक्स प्रोटोकॉलवरच बोलतो, नेहमीच्या वाटेने जात नाही. लोकांनी त्याच्याकडे फारसं वळून पाहिलं नाही. कंपनीला जे विकायचं होतं ते तिने दिलं. लोकांना हवं होतं ते वेगळं होतं.

आणि स्वयंसेवकांच्या बाजूचीही दुसरी बाजू सांगायला हवी. एप्रिल २०२४ मध्ये याच मायएसक्यूएल२ मध्ये गंभीर त्रुटी जाहीर झाली, तिच्यातून बाहेरचा माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकला असता. ३.९.४ आवृत्तीत दुरुस्ती आली. दुरुस्ती झाली हे चांगलं, पण ती करणाऱ्यांवर करार नव्हता, मुदत नव्हती. त्यांनी केली म्हणून झाली.

कंपनी पाठीशी आहे म्हणजे कायमची आहे का?

नाही. आणि इथे मोंगोडीबीचं उदाहरण बघण्यासारखं आहे, कारण तिने सुरुवातीपासून उलटा मार्ग धरला होता. ड्रायव्हर आपणच लिहायचे, एकेका भाषेसाठी एकेक, आणि सगळ्यांनी सारखं वागावं म्हणून एक सामाईक नियमावली. नव्या डेटाबेसला जम बसवायचा असेल तर हेच शहाणपणाचं. प्रोग्रॅमर ज्या भाषेत आहे तिथे जाऊन त्याच्या हातात तयार वस्तू द्यायची.

यात पर्लही होती. एके काळी वेबवर राज्य केलेली भाषा, आता वापर घटलेली. कंपनीने वर्षभर आधी सूचना दिली आणि ऑगस्ट २०२० मध्ये पर्लचा ड्रायव्हर अधिकृतपणे बंद केला. कोड खुला आहे, हवं तर घ्या आणि सांभाळा. पण मोंगोडीबीच्या पुढच्या आवृत्त्यांत जे बदल होतील ते त्यात कोण घालणार? ज्यांची कामं पर्लमध्ये होती त्यांनी ‘कंपनीचा अधिकृत ड्रायव्हर आहे’ या भरवशावर डेटाबेस निवडला होता. कंपनीच्या हिशेबात मात्र ती खर्चाची एक ओळ होती, आणि एका वर्षी ती ओळ खोडली गेली. यात कुणी खलनायक नाही. बाजार असाच चालतो. पण ‘अधिकृत’ या शब्दात ‘आजन्म’ आपोआप येत नाही, हे पर्लवाल्यांना कळलं.

पायथनमध्ये अलीकडे झालं ते सौम्य. मोंगोडीबीचे पायथनसाठी दोन अधिकृत ड्रायव्हर होते: नेहमीचा पायमोंगो आणि एकाच वेळी अनेक कामं हाताळणारा मोटर. मे २०२५ मध्ये कंपनीने मोटर निवृत्तीच्या मार्गावर असल्याचं जाहीर केलं आणि त्याचं काम पायमोंगोमध्येच आणलं. पुढे वर्षभर साध्या दुरुस्त्या, आणखी एक वर्ष फक्त गंभीर दुरुस्त्या, मग संपलं. तारखा आधीच सांगितल्या, पर्याय हातात दिला, कोडही फार बदलावा लागत नाही. निरोप द्यायचा तर असा द्यावा.

आणखी एक उदाहरण पटकन सांगतो. २०२० च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने कळवलं की पीएचपी ८ पासून विंडोजसाठी पीएचपी बांधून द्यायचं काम ती करणार नाही. मग ते पीएचपीच्या लोकांनी अंगावर घेतलं. विंडोजवरची पीएचपी बंद पडली नाही. पण कंपनीचा पाठिंबा आला तसा जाऊही शकतो, हे पुन्हा दिसलं. ओरॅकलचा ओसीआय८ हा पीएचपी ड्रायव्हरही २०२४ च्या ८.४ आवृत्तीपासून पीएचपीच्या मूळ पेटीतून बाहेर काढला गेला. तो मिळतो, पण वेगळा उतरवून घ्यावा लागतो.

रेडिस: ड्रायव्हर हवा होता, की दरवाजा?

कंपन्यांना ड्रायव्हर आपल्या हातात का हवा असतो? ग्राहकांची सोय हे एक कारण. दुसरं कारण रेडिसच्या गोष्टीत स्पष्ट दिसतं.

रेडिस हा अतिशय वेगवान डेटाबेस. मार्च २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने परवाना बदलला. बीएसडी हा मोकळा परवाना सोडून असे परवाने लावले की मोठ्या क्लाउड कंपन्यांना तो सेवा म्हणून विकणं अवघड व्हावं. काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जुन्या मोकळ्या कोडवरून ‘व्हाल्की’ हा फाटा निघाला. आता दोन डेटाबेस, पण बोली एकच. म्हणजे रेडिससाठी लिहिलेला ड्रायव्हर व्हाल्कीशीही सहज बोलतो.

इथे ड्रायव्हरला एकदम भाव आला. ड्रायव्हर ज्याच्या हातात, त्याच्या हातात ग्राहकाला कुठे न्यायचं ते. पायथन, जावा आणि नोडजेएससाठीचे प्रमुख क्लायंट कंपनीच्या छत्राखाली होतेच. २०२४ च्या शेवटी रस्ट भाषेसाठीच्या रेडिस-आरएस या स्वतंत्र प्रकल्पाकडे कंपनीने मोर्चा वळवला, तोही आपल्या घरात यावा म्हणून. ‘रेडिस’ हे नाव कंपनीचा ट्रेडमार्क आहे, आणि प्रकल्पाच्या नावातच ते होतं. सांभाळणाऱ्यांनी हा विषय उघडपणे मांडला, बरीच चर्चा झाली आणि प्रकल्प स्वतंत्रच राहिला. पुढे मे २०२५ मध्ये रेडिस ८ साठी कंपनीने एजीपीएल हा खुला परवानाही देऊ केला.

कंपनीच्या बाजूनेही बोलता येईल. आपल्या नावाने कुणीतरी ड्रायव्हर चालवतं, त्यात बिघाड झाला तर शिव्या आपल्याला पडतात, मग नियंत्रण का नको? मुद्दा खोटा नाही. पण वर्षानुवर्षं फुकटात केलेल्या कामाकडे कंपनीचं लक्ष नेमकं तेव्हाच जातं जेव्हा स्पर्धक उभा राहतो, हेही खोटं नाही.

मग पोस्टग्रेसचं कसं चालतं?

पोस्टग्रेसक्यूएलला मालक कंपनीच नाही. त्याभोवती अनेक कंपन्या आहेत, त्यातल्या एंटरप्रायझडीबीचं तर पुण्यात मोठं कार्यालय आहे, पण ‘अधिकृत विक्रेता’ असा कुणी नाही. तरी पायथनमधला सायकोपीजी हा ड्रायव्हर उत्तम मानला जातो. त्याची तिसरी पिढी २०२१ मध्ये आली. देखभालीचा खर्च वर्गणीसारखा चालतो: ज्या कंपन्या वापरतात त्यातल्या काही थोडेफार पैसे देतात. आपल्या गणेशोत्सव मंडळासारखंच. आरतीला सगळे, वर्गणीला ठरावीक घरं.

हे मॉडेल का टिकतं याचं एक तांत्रिक कारण आहे, आणि ते पैशांइतकंच महत्त्वाचं. पोस्टग्रेसची बोली पूर्णपणे लिहून ठेवलेली आणि खुली आहे. कुणालाही वाचून ड्रायव्हर लिहिता येतो. एसक्यूएल सर्व्हरची बोली मायक्रोसॉफ्टने उघडपणे प्रसिद्ध केली ती २००८ मध्ये. त्याआधी फ्रीटीडीएस या प्रकल्पाच्या लोकांना ती तारेवरून जाणारे बाइट्स बघून उलगडावी लागली होती. बोली बंद असेल तर ड्रायव्हरसाठी कंपनीवर अवलंबून राहण्यावाचून इलाज नसतो. ती उघडी असेल तर कंपनीचा ड्रायव्हर ही सोय असते.

तुमच्यासाठी याचा अर्थ

नवा प्रोजेक्ट सुरू करत असाल आणि डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर असेल, तर एमएसएसक्यूएल-पायथन जरूर वापरून बघा. चालू कामं पायओडीबीसीवर नीट चालत असतील तर फक्त ‘अधिकृत’ शब्द ऐकून उद्याच्या उद्या बदलायची गरज नाही. पायओडीबीसीला लाखो माणसांनी घासून-पुसून घेतलं आहे, त्याच्या प्रत्येक एररवर कुठे ना कुठे उत्तर सापडतं. नव्याला ती पुण्याई जमवायला वेळ लागेल. शिवाय जँगो या लोकप्रिय पायथन चौकटीच्या अधिकृत यादीत एसक्यूएल सर्व्हर आजही नाही. तिथे मायक्रोसॉफ्ट सांभाळत असलेलं वेगळं पॅकेज लागतं, म्हणून आधी आपलं बाकीचं सामान नव्या ड्रायव्हरशी जुळतं का ते बघा.

ओरॅकलवर असाल आणि कोडमध्ये अजून सीएक्स_ओरॅकल असेल, तर मात्र हलायला हवं. त्याची शेवटची आवृत्ती ८.३, नोव्हेंबर २०२१ ची. पुढचं सगळं काम नव्या नावाखालीच होतं आहे. नोडजेएसमध्ये ‘मायएसक्यूएल’ पॅकेज दिसलं तर तेही बदला, मायएसक्यूएल ९ त्याला दारातही उभं करणार नाही.

आणि कुठलाही ड्रायव्हर निवडताना त्याच्या पानावरच्या ‘ऑफिशियल’ पट्टीआधी तीन साध्या गोष्टी बघाव्यात. शेवटची आवृत्ती कधी आली. डेटाबेसची नवी आवृत्ती आल्यावर किती दिवसांत आली. आणि दुरुस्त्या करणारी माणसं किती आहेत, एकच नाव सगळीकडे दिसतं की चार-पाच. मायएसक्यूएल ८ च्या वेळी ज्यांनी दुसरा प्रश्न विचारला होता, त्यांनी अपग्रेड थांबवून ठेवलं. बाकीच्यांना ती चिकटवलेली ओळ अजून शोधायची आहे.